आटा गेलाय

आमचं गाव बदलापूरच्या पल्याड, बारवीच्या काठाला, गाव कसलं, मूठभर घरं, भात लावायचं, भात झोडायचं, आनि भात संपलं की जंगलात लाकडं तोडायला जायचं, बापूस माझा तेच करायचा, त्याचा बापूस पन तेच, आनि मी पन तेच केलं असतं पन लढाई आली. लढाई आमच्या गावात नाय आली, कल्यानला आली, म्हंजे मिलिट्रीचा कॅम्प पडला, बराकीच बराकी, आनि कामाला मानसं पायजेत म्हनून मुकादम गावोगाव फिरला. मला तवा मिसरूड फुटत होतं. आयस रडली, बोलली गोरे लोक तुला धरून बर्माला नेतील, बापूस बोलला नेऊ दे, निदान पायात बूट तरी घालील. कुठं नेलं नाय हो. मला मोटारी धुवायला बसवलं, आनि बूट पन नाय दिले.

मोटारी धुता धुता मी वर्कशॉपात घुसलो. तिथं एक उस्ताद होता पंजाबी, त्याला एका कानानं काय म्हंजे काय ऐकू यायचं नाय, दुसऱ्यानं अर्धं, आनि सगळ्या कॅम्पात इंजनाचा आवाज ओळखनारा मानूस म्हंजे तोच. हसू नका, खरं सांगतो. तो सागाची एक काठी ठेवायचा, हातभर, काठीचं एक टोक चालू इंजनाला लावायचा आनि दुसरं टोक दातात धरायचा. डोळे मिटायचा. आवाज दातातनं डोक्यात चढतो, कानाचं कामच नाय. इंजनाच्या खालच्या अंगाला लाव, वरच्या अंगाला लाव, एकेक जागा धुंडाळायची. त्यानं मला शिकवलं की गाडी सगळीकडनं वाजते असं वाटतं, पन रोग एकाच जागी असतो, ती जागा सापडेपर्यंत तोंड उघडायचं नाय. मला त्याची हिंदी धड कळायची नाय, म्हनून मी आवाजांना माझी नावं ठेवली. इंजनातली मोठी बेरिंग गेली की खालनं ठक्क ठक्क येतं, त्याला मी मुसळ बोलायचो, आयस भात सडायची तसं. काठीनं दोन दात हलले माझे, बायको बोलते इंजनाचं दातानं ऐकता आनि माझं कानानं पन ऐकत नाय. तिचं पन खरं हाय.

मंग लढाई संपली, गोरे गेले, बराकी ओस पडल्या, दारं-खिडक्या पन लोकांनी काढून नेल्या. मला वाटलं आता परत कोयता घ्यायचा नि जंगलात जायचं. तर फाळनी झाली आनि सिंधी लोक आले, आगगाड्या भरभरून. एकेका बराकीत किती कुटुंबं, मधी गोनपाटाचा पडदा, की झालं घर. काय सांगू तुमाला, चांगली बंगल्यातली मानसं, हातगाडीवर पापड नि बिस्किटं विकायला उभी राहिली, पन भीक मागताना मी एक नाय बघितला. मी मिलिट्रीच्या भंगारातनं पाने-बिने घेतले, रस्त्याच्या कडेला चार पत्रे ठोकले आनि बसलो. आता त्याला उल्हासनगर बोलतात, आमी अजून कॅम्पच बोलतो.

तिथं मला टेकूशेठ भेटला. शेठ आपला बोलायचा शब्द, होता माझ्यासारखाच फाटका. तिकडं सिंधमधी त्याचं कापडाचं दुकान होतं बोलायचा, इकडं त्याच्याकडं एक जुनी काळी मोटार होती, मुंबईत कुना पारशानं वापरून वापरून टाकलेली, किती मैल पळाली देवाला ठावं, मैलाचा काटा कवाच मरून पडला होता. ती गाडी तो टॅक्सीसारखी चालवायचा, कल्यान स्टेशन ते कॅम्प, कॅम्प ते अंबरनाथ, लग्नाबिग्नाचं भाडं असलं तर बदलापूर. तो, बायको, दोन लहान पोरी आनि म्हातारी आयस, सगळ्यांचं पोट त्या एका गाडीवर. मला तो भाऊ बोलायचा. त्यांच्यात पन भाऊ म्हंजे भाऊच, हा एक शब्द आमाला दोघांना फुकट मिळाला, बाकी सगळं मोडकं हिंदी.

आनि त्याची आयस, तिला सगळी बराक अम्मा बोलायची. बारकीशी बाई, पांढरी ओढनी, सारखी चालत असायची. अमावस्येनंतर चंद्र दिसला की ती कनकीचा दिवा करायची, त्यात तूप, वात, त्यांच्या देवाचा. एक दिवा पान्यात सोडायची आनि एक आनायची गाडीसाठी. बॉनेटवर नाय ठेवायची, बॉनेट उघडायला लावायची नि इंजनावर ठेवायची. टेकूशेठ चिडायचा, अम्मा, आग लागंल. ती बोलायची, पोट हितं हाय ना आपलं, मंग दिवा पन हितंच. त्याचं काय चालायचं नाय तिच्यापुढं.

तर एके दिवशी गाडी आली ती आवाज करत. मी पत्र्याच्या आतनंच ऐकलं, उभा राहिलो. टेकूशेठ उतरला तर तोंड हे एवढं पडलेलं. बोलला, भाऊ, कल्यानला मोठ्या गॅरेजात दाखवली, ते बोलले बेरिंग गेली, सगळं इंजन खोलायला पायजे, या गाडीवर तेवढा खर्च करू नको, भंगारात दे. भंगारवाला गाडी बघून पन गेलाय. तू एकदा ऐक, तू बोलशील ते शेवटचं. आता बघा, शेवटचं बोलनं माझ्यावर टाकून तो बाजूला स्टुलावर बसला. त्याच्या पोरी मला ठाऊक, म्हातारी ठाऊक. काठी दातात धरताना मला पहिल्यांदाच भीती वाटली.

पहिलं मी ते केलं जे कल्यानवाल्यांनी केलं असंल. लाकडी मुठीचा पेचकस घेऊन एकेका प्लगाची ठिनगी मारायची, म्हंजे तेवढं एक सिलिंडर बंद पडतं. जे बंद केल्यावर आवाज मरतो तिथं रोग. तिसरा प्लग मारला, आवाज मेला. सोडला, परत आला. आता यावरनं कोनी पन बोलंल की तिसऱ्याची बेरिंग गेली, मी पन बोललो असतो, कल्यानवाले काय खोटं नव्हते बोलत. पन आवाज मुसळाचा नव्हता हो. चुक चुक चुक चुक, असा, भिंतीवर पाल बोलते तसा. आनि माझ्या मनात पन पाल चुकचुकली. गाडीखाली शिरलो, काठी तेलाच्या टाकीला लावली, खाली सगळं शांत. वर लावली, दात झिनझिनले. बेरिंग खाली असते, मंग आवाज वर कसा? बोटानं तेलाचा एक थेंब तिसऱ्या प्लगाच्या बुडाशी सोडला, आनि बघतो तर तेलाला बुडबुडे. फुस फुस. वारा बाहेर पळत होता. पाना लावला तर प्लग नुस्ता गरगर फिरतोय, आवळतच नाय.

आता आटा म्हंजे काय ते तुमाला ठावं असंल, तरी सांगून ठेवतो. स्क्रूला, नटाला ज्या गोल गोल वळ्या असतात त्या, ज्याच्यावर तो फिरत फिरत बसतो. आमी मराठी मिस्त्री त्याला आटा बोलतो, आटे पाडायचे, आटे झिजले, आटा गेला. तर त्या तिसऱ्या भोकाचा आटा गेला होता. कुनीतरी प्लग वाकडा घालून वर जोर केला होता. एवढंच. इंजन ठनठनीत. मला इतका आनंद झाला की मी नाचायचा बाकी राहिलो.

प्लग काढून टेकूशेठच्या पुढं धरला. भट्टीसारखा तापून तो पांढरा फटक पडला होता, वारा गळत असला की पडतो. मी बोललो, शेठ, बेरिंग नाय, फिकर सोडा, इंजन में आटा गेलाय. असंच बोललो, अर्धं हिंदी अर्धं मराठी, आमचं नेहमीचं. तो प्लगाकडं बघत राहिला. बोलला, आटा? पक्का? मी बोललो पक्का, बोट घालून बघा, इथं. बोलला, कोनी केलं? मी मस्करीत डोळा मारला, बोललो, मिस्त्रीचं काम नाय हे, घरच्याच कुना अडानी मानसाचं काम हाय. कारन मला ठाऊक होतं, प्लग तो स्वतःच घरी साफ करून घालायचा. तो काय हसला नाय. पन मला घाई, अंबरनाथचा लेथवाला दुपारी घरी जायच्या आत गाठायचा होता. इंजनाचं टाळकं, म्हंजे प्लग बसतात ते वरचं झाकन, खोललं, उघड्या इंजनावर गोनपाट टाकलं, टाळकं सायकलच्या कॅरियरला बांधलं आनि निघालो. त्या भोकात पितळेचा बूश, बारकी नळीच ती, बसवायचा, त्यात नवे आटे पाडायचे, काम खलास.

तुमच्या ध्यानात आलं असंलच. आमचा आटा तो आटा, आनि त्यांचा आटा म्हंजे पीठ. इंजनात पीठ गेलंय, घरच्याच अडानी मानसाचं काम. आनि प्लग पांढराफटक. त्यानं दुसरं काय समजायचं? मी बेरिंग नाय बोललो ते पन त्याला वाटलं की भाऊ मन राखायला बोलतोय. तसाच घरी गेला आनि आयुष्यात पहिल्यांदा आयसवर ओरडला. सगळ्या बराकीनं ऐकलं, गोनपाटाला काय, भिंत थोडीच हाय. बोलला, तुझ्या कनकीच्या दिव्यांनी माझी गाडी मारली, तिकडं सगळं सोडून आलो, हितं एवढं एक होतं, त्यात पन तू पीठ घातलंस. त्या दिवसापासनं अम्मानं पोळी सोडली. पोरींना लाटून द्यायची, स्वतः दोन घास भात खायची, बोलायची ज्या पिठानं पोराची रोजी गेली ते पीठ मी कशाला खाऊ. हे सगळं मला मागनं कळलं. मी तवा अंबरनाथला लेथवाल्याच्या दारात खेटे मारत होतो. एक दिवस लाईट नाय, एक दिवस पितळ नाय, एक दिवस त्याच्या मेव्हन्याचं लग्न. मला वाटत होतं टेकूशेठ येऊन विचारत का नाय, काम कुठवर आलं. मंग वाटलं, असंल बिचारा दुसऱ्याची गाडी चालवत.

शेवटी टाळकं मिळालं. परत आलो तर काय बघतो, माझ्या पत्र्यापुढं भंगारवाल्याचा बैलगाडा, त्याची चार मानसं, गाडीच्या पुढच्या अंगाला दोरखंड लावलेला. टेकूशेठ लांब, झाडाखाली, पाठ करून उभा. आनि गाडीच्या पुढं, दोरखंडाच्या मधोमध, मातीत अम्मा बसलेली. मांडीवर पिठाची चाळनी, हातात एक बारीक कुंचा. भंगारवाला बोलतोय, माई, उठ, आनि ती हलत नाय. मला बघितल्यावर उठली, माझा हात धरला. तिला हिंदी पन धड यायची नाय. चाळनी दाखवली, कुंचा दाखवला, इंजनाकडं बोट केलं. मी काढते, बोलली, मी घातला, मी काढते, सगळा आटा काढते, दाना दाना, मला बसू दे, गाडी जाऊ देऊ नको.

मला काय कळेना. मी बोललो, अम्मा, गेलेला आटा परत निघत नाय, नवा पाडावा लागतो, मी पाडून आनलाय. तर ती आनखीनच रडायला लागली. आता मी काय वाईट बोललो? चाळनीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आनि मंग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. देवा. आटा.

खिशातनं एक नट-बोल्ट काढला. तिचं बोट धरलं, बोल्टाच्या वळ्यांवरनं फिरवलं. बोललो, अम्मा, हा आटा. आमचा मराठी आटा हा. लोखंडाचा. तुझा आटा नाय, तुझ्या दिव्याचा कन पन नाय इंजनात. मंग टाळकं सोडलं, पितळेचा बूश दाखवला, त्यात पन बोट घालायला लावलं. ती कितीतरी वेळ नट फिरवत बसली, खाली, वर, परत खाली. मंग तिनं झाडाकडं बघून हाक मारली, टेकू! अशी हाक, लहान पोराला मारतात तशी.

टेकूशेठ आला. मी त्याला पन तेच दाखवलं. बोललो, शेठ, घरचं अडानी मानूस मी तुमालाच बोललो होतो, प्लग तुमी वाकडा घातला. भंगारवाला हसायला लागला, त्याची मानसं हसायला लागली, आनि खरं सांगू, मला पन हसू येत होतं. पन टेकूशेठ हसला नाय. त्यानं दोरखंड स्वतःच्या हातानं सोडला, गुंडाळला, भंगारवाल्याच्या हातात दिला. माफी बिफी काय मागितली नाय त्यानं, आयसकडं बघायची पन हिंमत नव्हती. नुस्ता चालू पडला, बराकीकडं.

मी टाळकं बसवत राहिलो. नट आवळत आलो तवा तो परत आला, हातात परात, परातीत कनीक, वर चिरलेला कांदा. माझा स्टोव्ह पेटवला. ते लोक जाड पोळी करतात कांदा घालून, कोकी बोलतात, ती करायला बसला. दुकानदार मानूस, जन्मात कधी पोळी लाटली नव्हती, काय ते आकार, एक बाजू जळलेली, दुसरी कच्ची. अम्मा गाडीत बसली होती, मागच्या सीटवर, दार उघडं टाकून. त्यानं तुकडा मोडला आनि तिच्या तोंडापुढं धरला. मंग खाल्ला तिनं. चावत चावत बोलली, मीठ नाय घातलंस, येडा कुठला. तवा तो रडला. मी बॉनेटमधी डोकं घालून उभा राहिलो, मला पन रडू येत होतं, कशाला लपवू.

गाडी चालू केली. काठी दातात धरली, वर, खाली, सगळीकडं. म्हातारं इंजन होतं, सतरा ठिकानी कुरकुरत होतं, पन चुकचुक नाय. टेकूशेठ विचारतो काय, भाऊ? मी मान हलवली. त्याच संध्याकाळी त्यानं कल्यानचं भाडं मारलं.

त्याच्यानंतर मी आटा शब्द कॅम्पात कवा काढला नाय. ते लोक त्याला चूडी बोलतात, मी पन चूडी बोलायला शिकलो. तर एकदा एका आगरी ड्रायव्हरला बोललो, चूडी गेली, तो बोलला मिस्त्री, अभद्र बोलू नका, बायकोच्या हातात चुडा हाय, मी जित्ता हाय अजून. आता काय करायचं सांगा. तवापासनं मी तोंडानं काय सांगतच नाय. गिऱ्हाइकाचा हात धरतो, जिथं रोग तिथं त्याचं बोट लावतो. वेळ जातो, बायको ओरडते, पन परवडलं.

ती गाडी त्याच्यावर बरीच वर्षं पळाली. मंग खरंच बेरिंग गेली, खालनं मुसळ वाजायला लागलं, मी ऐकलं नि टेकूशेठला बोट लावून दाखवलं. तो बोलला बस झालं भाऊ, खूप दिलं तिनं. आता त्याचं बाजारात कापडाचं बारकं दुकान हाय, पोरी शाळेत जातात, त्या माझ्याहून चांगलं मराठी बोलतात. माझ्या पत्र्याच्या जागी विटा आल्या. आयस-बापूस गावालाच हायत, भात लावतात, बापूस अजून विचारतो बूट घेतलेस का.

अम्मा हाय अजून. डोळ्यांनी दिसत नाय आता, टेकूशेठच्या खांद्याला धरून येते, महिन्यातनं एकदा तरी येतेच, काय काम नसतं. परवा पन आली. मला खाली बसायला लावलं, दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले आनि सिंधीत काहीतरी बोलली, लांबलचक. मला एक शब्द कळला नाय. टेकूशेठ सांगायला लागला, भाऊ, अम्मा बोलते की. मी त्याला बोललो, राहू दे शेठ, तू मधी पडू नको, मला कळलं.